निर्दोष मालावर सवलत

भिंगरावांचं खरं नाव काय, हे त्यांच्या बायकोलाही चटकन आठवत नसे. कापडगिरणीच्या तपासणी खात्यात त्यांनी सेहेचाळीस वर्षं काढली, आणि डोळ्याला भिंग लावून बसणाऱ्या माणसाला लोक दुसरं काय म्हणणार? समोर काचेचं टेबल, काचेखाली दिवा, वरून कापड सरकतंय आणि भिंगराव डोळ्यांत तेल घालून बसलेत. उभा धागा तुटला असेल, आडवा सुटला असेल, तेलाचा थेंब सांडला असेल, तर तिथे खडूने गोल. गोल पडला की तो ताका डागी मालात जायचा आणि डागी माल सवलतीत विकला जायचा. गोल नसेल तर पूर्ण भाव. भिंगरावांच्या मते जगात एवढे दोनच प्रकार होते आणि तिसऱ्याची कोणाला गरजही नव्हती.

मग एके दिवशी हातभर लांबीचा एक आडवा धागा त्यांच्या नजरेतून सुटला. गिऱ्हाइकाने अख्खा ताका परत पाठवला. व्यवस्थापकाने भिंगरावांच्या खांद्यावर हात ठेवला. सेहेचाळीस वर्षांत कोणी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला नव्हता, त्यामुळे पुढे काय येणार हे त्यांनी तिथेच ओळखलं. "भिंगराव, एकाहत्तर झालं ना वय? आता घरी बसा. डोळ्यांना आराम द्या." गिरणीत जुन्या यंत्रालाही असाच आराम देतात आणि मग ते भंगारात घालतात.

घरी बसून भिंगरावांनी आधी चादरी तपासल्या, मग पडदे, मग बायकोचा संयम. तिसऱ्या गोष्टीत दोष दिसू लागल्यावर जावई मदतीला धावला. हा जावई पेढीत नोकरीला होता आणि बोलताना हवेत आकडे काढायचा. गिरणीकडून मिळालेल्या सगळ्या पैशांचे त्याने शहराच्या पाणीपुरवठ्याचे रोखे घेऊन दिले, मोजून शंभर. नवा जलाशय बांधायला पाणीपुरवठा कार्यालय लोकांकडून पैसे उसने घेत होतं आणि बदल्यात हे छापील कागद देत होतं. जावई म्हणाला तिथे भिंगरावांनी सह्या केल्या. जन्मात पहिल्यांदा त्यांनी माल न तपासता घेतला आणि त्याची फळं त्याच संध्याकाळी भोगली.

कारण पावतीवर लिहिलं होतं: दर्शनी किंमत शंभर, विक्री किंमत ब्याऐंशी, रोखा सवलतीने दिला.

"अगं," भिंगराव कपाळाला हात लावून म्हणाले, "जावयाने आपल्या गळ्यात डागी माल मारलाय."

जावयाला बोलावणं गेलं. तो येऊन बसला आणि हवेत आकडे काढू लागला. "बाबा, ही सवलत दोषाची नाही. काही रोख्यांवर दरवर्षी व्याज देतात, यावर देत नाहीत. ते आधीच किमतीतून वजा केलंय. आज ब्याऐंशी द्यायचे, नऊ वर्षांनी शंभर घ्यायचे. वरचे अठरा हीच तुमची कमाई."

"जावईबापू, शंभराची वस्तू ब्याऐंशीला कोण देतं?"

"सगळेच देतात, बाबा."

"म्हणजे सगळ्यांचाच माल डागी आहे."

जावयाने बायकोकडे, म्हणजे भिंगरावांच्या मुलीकडे निघायचं निमित्त काढलं आणि तो पसार झाला. शहाण्या माणसाला वादातून कधी उठावं ते कळतं, आणि या बाबतीत तरी तो शहाणा होता.

भिंगरावांनी खिडकीची काच उतरवली, दोन स्टुलांवर आडवी ठेवली, खाली दिवा लावला आणि शंभरच्या शंभर रोखे तपासायला घेतले. कागदाचा पोत पाहिला, कडा पाहिल्या, शाई पसरली आहे का, शिक्का तिरका आहे का, नक्षीतली रेघ कुठे तुटते का, सगळं पाहिलं. तीन दिवस गेले. दोष सापडेना.

आता एखाद्याला याचा आनंद झाला असता. भिंगराव घाबरले. सवलत आहे म्हणजे दोष आहे, हे तर सूर्यप्रकाशाइतकं स्वच्छ. दोष आहे आणि दिसत नाही, म्हणजे व्यवस्थापक खरं बोलला होता. नजर गेली. आणि नजर गेली तर भिंगराव नावाच्या माणसात उरलं काय? एक म्हातारा, एक दिवा आणि घरातल्या सगळ्यांना डोकेदुखी. पैसे बुडाले असते तर ते एकवेळ सोसलं असतं. हा दोष शोधून काढल्याशिवाय मात्र आपण संपलो, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं आणि चौथ्या दिवशी सकाळी रोखे काखेत मारून कार्यालय गाठलं.

कार्यालयात तीन खिडक्या होत्या. विक्री, चौकशी आणि तक्रार. तिन्हींच्या मागे एकच कारकून होता, चाकाच्या खुर्चीवर. पण नियमाचा पक्का. प्रत्येक खिडकीवर तो वेगळा माणूस असायचा.

"या रोख्यात दोष काय आहे?" भिंगरावांनी चौकशीच्या खिडकीत विचारलं.

"काही दोष नाही."

"मग सवलत कशी?"

"ते मला माहीत नाही. तक्रार असेल तर पलीकडे जा."

भिंगराव पलीकडे गेले. कारकुनाची खुर्चीही गडगडत पलीकडे गेली. "बोला, काय काम आहे?" तो म्हणाला, जणू दोघांची आयुष्यात भेट झाली नव्हती.

"आत्ताच तुम्हाला सांगितलं ना!"

"मला नाही. चौकशीला सांगितलं असेल." आणि त्याने एक अर्ज पुढे सरकवला. दोषाचा प्रकार. दोषाची लांबी. दोषाची रुंदी. भिंगरावांना अर्ज फार आवडला. या कार्यालयात निदान कोणाला तरी काम कळतं, असं त्यांना वाटलं. फक्त भरायला काही नव्हतं.

"दोष आहे हे नक्की," ते जरा मोठ्याने म्हणाले. "पण असला बेमालूम दोष मी सेहेचाळीस वर्षांत पाहिला नाही."

आणि इथेच घात झाला. मागे रांग होती. रांगेत एक न्हावी होता, आणि न्हाव्याला ऐकू आलेली गोष्ट म्हणजे गावाला ऐकू आलेली गोष्ट. "अहो, हे गिरणीतले भिंगराव ना?" तो म्हणाला. "ज्यांच्या नजरेतून भोक सुटत नाही ते? ते म्हणतात, दोष आहे?"

"असला दोष की त्यांनाही दिसत नाही!" मागचा कोणी म्हणाला.

दिसणाऱ्या दोषाला लोक फार भीत नाहीत, त्यावर ठिगळ लावता येतं. न दिसणाऱ्या दोषाने मात्र रांगेच्या तोंडचं पाणी पळालं. जी रांग विकत घ्यायला उभी होती ती जागच्या जागी वळली आणि परत द्यायची रांग झाली. सगळ्यात पुढचा सगळ्यात मागे गेला म्हणून भांडण झालं ते वेगळंच. भिंतीवरच्या फळ्यावर त्या दिवसाचा भाव लिहिलेला असे. कारकुनाने ब्याऐंशी पुसून अठ्ठ्याहत्तर लिहिले. दुपारी चौऱ्याहत्तर. भाव उतरला तसे आणखी लोक आले, कारण भाव उतरतोय म्हणजे दोष वाढतोय. संध्याकाळी एकोणसत्तर.

"पाहिलंत?" भिंगराव फळ्याकडे बोट दाखवून म्हणाले. "दोष पसरतोय."

जावयाचा निरोप आला: 'बाबा, कृपा करून घरी या.' त्यापाठोपाठ बड्या साहेबांचा निरोप आला: 'वर या.'

बडे साहेब म्हणजे एका लांबलचक टेबलाच्या टोकाला ठेवलेला छोटासा माणूस. त्यांनी चहा मागवला आणि हात जोडले. "भिंगराव, तुम्हीच हे विझवू शकता. रोखा निर्दोष आहे, असं एका ओळीत लिहून द्या."

"निर्दोष असेल तर सवलत देता येणार नाही. पूर्ण शंभर घ्यावे लागतील."

"आज शंभर देऊन नऊ वर्षांनी शंभर कोण घेईल? एक रोखा विकला जायचा नाही!"

"मग दोष आहे असं लिहितो."

"तसं लिहिलं तर लोक मला उभा जाळतील."

"मग तुम्हीच सांगा, काय लिहू?"

साहेबांनी छताकडे पाहिलं. इकडे आड तिकडे विहीर, आणि दोन्हींचं पाणी त्यांच्याच खात्याचं. शेवटी ते म्हणाले, "दोष आहे, पण चांगला आहे, असं काही लिहिता येईल?"

"चांगला दोष असा प्रकार नाही," भिंगराव कडक आवाजात म्हणाले. मग त्यांना त्या माणसाची दया आली. "मला टेबल द्या. तुमचा न विकलेला सगळा माल द्या. दोष सापडला की मी लांबी-रुंदी लिहून देतो. लोकांना दोष चालतो, साहेब. दोष केवढा आहे ते कळत नाही, तेवढं चालत नाही."

हे शेवटचं वाक्य त्यांचं त्यांनीच नीट ऐकलं असतं तर पुढचे सहा दिवस वाचले असते. पण आपलं बोलणं आपण कधी ऐकतो?

तळमजल्यावर टेबल लागलं. न विकलेले चार हजार रोखे आले. भिंगराव सकाळी येत आणि कार्यालय बंद होईपर्यंत बसत. एक एक कागद उजेडावर धरायचा, डावीकडून उजवीकडे, वरून खाली, उलटवून पुन्हा. बाहेर लोक खिडकीच्या जाळीला नाक लावून उभे. भिंगरावांनी नुसता चष्मा पुसला तरी फळ्यावर भाव हलायचा. एकदा त्यांना शिंक आली तर दोन अंकांनी पडला आणि सर्दी असल्याचं कळल्यावर परत चढला. पण बहुतेक वेळ तो एकोणसत्तरावर बसून होता, भिंगरावांसारखाच.

सहाव्या दिवशी दुपारी चार हजारावा कागद संपला. एकही खडूचा गोल पडला नव्हता. भिंगरावांनी भिंग खाली ठेवलं आणि ते दोन्ही तळहातांत तोंड घालून बसले. फार वाईट वाटलं त्यांना. आजवर ज्या ज्या ताक्याला त्यांनी निर्दोष म्हटलं होतं, ते सगळे ताके आता उलगडत डोळ्यांपुढे येऊ लागले, आणि त्यातल्या किती भोकांवरून आपण आंधळ्यासारखे गेलो असू, याचा हिशेब ते करू लागले.

तेवढ्यात बायको डबा घेऊन आली. डबा टेबलावर ठेवताना दुसऱ्या हातातला अर्धवट भरलेला अर्ज तिने पिशवीत सरकवला.

"ते काय आहे?"

"वीस रोखे घेतले. एकोणसत्तरने."

भिंगरावांना वाटलं, नजरेपाठोपाठ कानही गेले. "अगं, वेड लागलंय का तुला? कसले पैसे?"

"माझे. चादरींच्या घडीतले. तुम्ही चादरी तपासल्यात, घडी नाही तपासलीत." ती स्टूल ओढून बसली. "तोच कागद, तोच जलाशय, मिळणार तेच शंभर. गेल्या आठवड्यात ब्याऐंशीला होता, आज एकोणसत्तरला आहे. मी सोडीन होय?"

"पण त्यात दोष आहे!"

"आहे ना. मी कुठे नाही म्हणतेय? अहो, तुमच्या गिरणीचा डागी माल सेहेचाळीस वर्षं मी घरात आणला. मी दुकानदाराला आधी विचारायची, दोष कुठे आहे ते दाखव. भोक काखेत येणार असेल तर स्वस्तात घ्यायचं, छातीवर येणार असेल तर नाही घ्यायचं. इथे तर विचारायचीही गरज नाही. छापूनच दिलाय."

"कुठे?"

तिने वरचाच एक रोखा उचलला आणि त्याच्या मधोमध बोट ठेवलं. मोठ्या ठळक अक्षरांत मुदत संपण्याची तारीख होती.

"नऊ वर्षं," ती म्हणाली. "एवढा त्याचा दोष. आज दिलेला पैसा नऊ वर्षं हाताला लागत नाही. मध्येच घर गळलं, दात दुखला, लेकीला पैसा लागला, तरी हे शंभर शंभर नाहीत. ही अडचण सोसायची म्हणून अठरा कमी. एवढं साधं आहे."

"आणि ब्याऐंशीचे एकोणसत्तर का झाले?"

"ते तुमचं काम. लोकांना वाटलं, भिंगराव शंका घेतात म्हणजे शंभर मिळतात की नाही कोण जाणे. तेवढ्याचे तेरा गेले." ती हसली. "गिरणीने तुम्हाला फुकटात घरी बसवलं. या गावात तुमच्या नुसत्या शंकेचा भाव तेरा आहे."

भिंगरावांनी भिंग उचललं, तारखेवर धरलं. मग दुसरा रोखा घेतला, तिसरा घेतला. प्रत्येकावर, तिथेच, अंगठ्याएवढ्या अक्षरांत.

"चार हजार शंभर वेळा माझ्या डोळ्यांसमोरून गेली ही," ते हळू आवाजात म्हणाले. "आणि मला दिसली नाही. म्हणजे नजर गेलीच की गं."

बायकोने डब्याचं झाकण काढलं, परत लावलं.

"नजरेला काही झालेलं नाही," ती म्हणाली. "मी पहिल्या दिवसापासून बघतेय. तुम्ही घरी काचेवर कागद धरायचात, तेव्हा वरून खाली यायचात आणि तारखेपाशी आलात की डोळे उचलून पुढे जायचात. प्रत्येक वेळी. माशी टाळावी तसे. त्या तारखेला तुम्ही ऐंशीचे व्हाल. तुमच्या घराण्यात ऐंशी कोणी पाहिलेली नाही. तुमच्या वडिलांनी नाही, काकांनी नाही, तुमचा थोरला भाऊ तर सत्तरीलाही पोचला नाही. मी काय म्हणते ते कळतंय ना?"

भिंगरावांना कळलं. खरंच होतं ते. कागद हातात येताच ती तारीख त्यांना पहिल्याच रात्री दिसली होती. दिसली म्हणूनच तर तिच्याकडे बघवत नव्हतं. दोष कागदाचा असेल अशी त्यांची फार इच्छा होती.

मग त्यांच्यातला तपासनीस जागा झाला. त्यांनी बोटांवर मोजलं, पुन्हा मोजलं आणि ते ताडकन उभे राहिले. "अगं, पण आपण घेतला तेव्हा नऊ वर्षं होती. आज दहा दिवस कमी आहेत! हा दोष आक्रसतोय. रोज, आपोआप, कोणी सुईदोरा न लावता. असा माल मी जन्मात पाहिला नाही!"

त्यांनी तक्रारीचा अर्ज ओढला आणि ठसठशीत अक्षरांत भरला. दोषाचा प्रकार: वाट पाहणे. लांबी: आठ वर्षं, अकरा महिने, वीस दिवस. रुंदी: नाही. खाली शेरा: याखेरीज दुसरा दोष नाही, मी पाहिलं आहे. आणि सही.

अर्ज फळ्याशेजारी डकवला गेला. न्हाव्याने तो मोठ्याने वाचला. "एवढंच होय!" लोक म्हणाले. दोषाला लांबी मिळाली आणि सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. ज्यांना नऊ वर्षं सोसणार नव्हती ते कुरकुर न करता निघून गेले, उरलेल्यांची रांग पुन्हा उलटी फिरली आणि तासाभरात कारकुनाने फळ्यावर लिहिलं: ब्याऐंशी पूर्णांक शून्य पाच.

बडे साहेब जिना उतरून धावत आले. "भिंगराव, उपकार झाले! पण हे वरचे शून्य पाच कसले?"

"दहा दिवसांचे," भिंगराव म्हणाले. "दोष तेवढा लहान झाला. उद्या आणखी थोडा वाढवा. रोज वाढवा. शेवटच्या दिवशी दोष शून्य, भाव शंभर."

"रोज कोण मोजणार हे?" साहेब हताश झाले. मग त्यांनी भिंगरावांकडे पाहिलं आणि तळमजल्यावरचं टेबल तिथेच राहील, असं तिथल्या तिथे ठरवून टाकलं. पगाराचं नंतर बोलू म्हणाले. साहेब लोक पगाराचं नेहमीच नंतर बोलतात.

बायको मात्र विक्रीच्या खिडकीपाशी गेली होती. सकाळच्या धांदलीत तिने पैसे भरले होते, अर्ज मात्र अर्धाच राहिला होता. कारकून खुर्ची गडगडवत आला.

"वीस रोखे. भाव एकोणसत्तर, सकाळची वेळ. नाव कोणाचं?"

"यांचं," तिने मागे उभ्या भिंगरावांकडे मान वळवली. "एकट्याचं."

"अगं, पैसे तुझे आहेत," भिंगराव म्हणाले.

"म्हणूनच मी ठरवणार."

"वारस?" कारकुनाने विचारलं. "मुदतीच्या दिवशी मूळ धारक नसेल तर पैसे कोणाला द्यायचे? तुमचं नाव लिहू, बाई?"

"नको."

"मुलीचं?"

"कोणाचंच नको. त्या दिवशी हे स्वतः येऊन घेतील."

कारकुनाने लेखणी थांबवली. त्याने भिंगरावांचे पांढरे केस पाहिले आणि नियमाच्या पक्क्या माणसाला जेवढं हळू बोलता येतं तेवढं हळू तो म्हणाला, "बाई, हा रकाना कोरा सोडता येत नाही."

बायकोने खिडकीच्या कट्ट्याची कड घट्ट धरली होती, आणि तिची बोटं पांढरी पडलेली भिंगरावांना भिंगाशिवाय दिसली. सेहेचाळीस वर्षांत त्यांनी एकही रकाना कोरा सोडला नव्हता. ते पुढे झाले आणि तिच्या हातावर हात ठेवून कारकुनाला म्हणाले, "कोरा नका सोडू. रेघ मारा. मी येईन."